पत्ता एक, पान भलतेंच
(घरच्या संगणक-जाळ्यांतील वाटचुकीचा शोध)



पुण्याच्या मामांना पाठविलेलें पत्र दरवेळीं भलत्याच घरीं जाऊन पडूं लागलें, तर शहाणा मनुष्य प्रथम पत्र लिहिणाऱ्या मुलाच्या पाठींत धपाटा घालीत नाहीं. पत्ता नीट लिहिला होता काय, पत्र आपल्या गांवच्या टपालकचेरींत चुकलें कीं पुण्यास पोहोंचल्यावर चुकलें, याची तो टप्प्याटप्प्यानें चौकशी करितो. संगणकावर एक पत्ता लिहावा आणि ब्राउझरनें दुसरेंच पान पुढें आणावें, हा प्रकार आतां पुष्कळ घरांत घडतो. परंतु तेथें मात्र ही साधी रीत आपण विसरतों. तीच रीत ह्या पाठांत शिकावयाची आहे.

गेल्या वर्षीं दहावीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील रागानें माझ्याकडे आले. घरच्या संगणकावर शब्दकोशाचें एक जुनें संकेतस्थळ उघडावयास जावें, तों जुगाराचें पान पुढें येई. मुलगा म्हणे, "मीं कांहीं केलें नाहीं." वडिलांना तें पटेना. "नको तीं पानें पाहिल्याशिवाय असें होतें काय, मास्तर?" असें त्यांनीं मला विचारलें. त्यांनीं संगणक कपाटांत घालून कुलूप लावलें होतें व परीक्षा जवळ आलेली होती. मीं म्हटलें, "उत्तर देण्यापूर्वीं मला एकदां घरीं येऊं द्या." त्या भेटींत काय आढळलें तें पुढें सांगतों, आधीं पाठ समजून घेऊं.

१. पत्त्यापासून पानापर्यंत

संगणक एकमेकांना नांवांनीं नव्हे, तर आंकड्यांनीं ओळखतात. नांवें आहेत तीं आपल्या सोयीसाठीं. इंटरनेटच्या आरंभींच्या काळांत अशा सर्व नांवांची व आंकड्यांची एकच यादी अमेरिकेंतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ह्या संस्थेंत ठेवलेली असे व इतर ठिकाणचे लोक तिची नक्कल उतरून घेत. संगणक वाढले, तशी ती यादी पुरेनाशी झाली. तेव्हां १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस ह्यांनीं नांवांच्या नोंदी अनेक सर्व्हरांत वांटून ठेवण्याची व्यवस्था योजिली. हिलाच डी. एन्. एस्. म्हणतात. हिला आपण 'नामव्यवस्था' म्हणूं.

तुम्ही ब्राउझरमध्यें एखादें नांव लिहितां, तेव्हां क्रम साधारणपणें असा असतो. ब्राउझर प्रथम आपल्या स्मरणांत पाहतो. तेथें उत्तर नसेल, तर संगणकाची कार्यप्रणाली आपल्या नोंदी व 'होस्ट्स' नांवाची एक लहानशी फाइल पाहते. तेथेंहि नसेल, तर प्रश्न नामव्यवस्थेच्या सर्व्हरकडे जातो. हा सर्व्हर कोणता, हें बहुधा घरचा राउटर सांगतो आणि राउटरला तें इंटरनेट-पुरवठादाराकडून समजलेलें असतें. उत्तरादाखल आंकडा मिळाला, म्हणजे ब्राउझर त्या आंकड्याच्या सर्व्हरशीं संधान बांधतो; मग तो सर्व्हर पान देतो, किंवा "अमुक ठिकाणीं जा" असें सांगतो.

यावरून वाट चुकण्याचीं ठिकाणें चार ठरतात: ब्राउझर, संगणक, राउटर (व त्यापलीकडील पुरवठादार), आणि खुद्द तें संकेतस्थळ. आपलें काम एवढेंच कीं, ह्या चारांपैकीं दोषी कोण तें पुराव्यानें ठरवावयाचें.

२. प्रत्येक वळण म्हणजे दोष नव्हे

संकेतस्थळाचा मालक घर बदलतो, तेव्हां त्याचा सर्व्हर ब्राउझरला ३०१ हा आंकडा व नवा पत्ता देतो. अर्थ असा कीं, बिऱ्हाड कायमचें हललें. ३०२ ह्याचा अर्थ तात्पुरतें दुसरीकडे पाहा. साध्या 'एचटीटीपी' पत्त्यावरून सुरक्षित 'एचटीटीपीएस' पत्त्यावर नेणें, हें तर रोजचेंच वळण आहे. एखाद्या हॉटेलांत किंवा स्थानकावर फुकट वायफाय घेतांना प्रथम नोंदणीचें पान येतें, तेंहि हेतुपुरस्सर असतें. बिल थकलें असतां कांहीं पुरवठादार सर्व पानांऐवजीं बिलाचें पान दाखवितात. तेथें औषध संगणकास नव्हे, बिलास द्यावें लागतें!

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवा. ३०१ चें उत्तर ब्राउझर पुष्कळदां लक्षांत ठेवतो. त्यामुळें मूळ दोष दूर झाल्यावरहि तो जुन्या संवयीनें चुकीच्या वाटेनेंच जाऊं शकतो. म्हणून प्रत्येक उपायानंतर ब्राउझरचा सांठा, म्हणजे कॅश, पुसून मगच पुन्हां पाहावें.

३. तीन परीक्षा

कांहींहि बदलण्यापूर्वीं वही घ्या. कोणता पत्ता लिहिला, कोणतें पान आलें, किती वाजतां आलें, पत्ता स्वतः लिहिला कीं दुव्यावर बोट ठेवलें, आणि हें दरवेळीं घडतें कीं अधूनमधून, हें लिहून ठेवा. जें पान आलें त्यावर कांहींहि दाबूं नका. मग पुढील तीन परीक्षा करा. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कोणत्या औषधानें आला हें कळत नाहीं.

पहिली परीक्षा: त्याच संगणकावर दुसऱ्या ब्राउझरमध्यें तोच पत्ता लिहा. तेथें योग्य पान आलें, तर संशय पहिल्या ब्राउझरवर.

दुसरी परीक्षा: दोन्ही ब्राउझर चुकत असतील, तर त्याच वायफायवर दुसरें यंत्र, उदाहरणार्थ वडिलांचा मोबाइल, घेऊन तोच पत्ता उघडा. तेथें योग्य पान आलें, तर संशय त्या संगणकावर.

तिसरी परीक्षा: मोबाइलहि चुकला, तर त्याचें वायफाय बंद करून मोबाइलच्या स्वतःच्या डेटावर तोच पत्ता पाहा. आतां योग्य पान आलें, तर संशय राउटरवर किंवा घरच्या पुरवठादारावर. अजूनहि चूकच दिसली, तर दोष बहुधा त्या संकेतस्थळांतच आहे. तुमच्या घरांतील कोणाचाहि त्यांत अपराध नाहीं. अशा वेळीं संकेतस्थळाच्या चालकांना कळवावें व तें दुरुस्त होईपर्यंत तिकडे जाऊं नये.

ह्या परीक्षांना दोन अपवाद आहेत. कांहीं ब्राउझर व मोबाइल आपली नामचौकशी राउटरनें सांगितलेल्या सर्व्हरकडे न करितां, कुलूपबंद मार्गानें निराळ्याच सर्व्हरकडे करितात. त्यामुळें राउटर बिघडलेला असूनहि तेवढे सुटतात. दुसरें असें कीं, ब्राउझरमध्यें एकच खातें अनेक यंत्रांवर चालू असेल, तर एका यंत्रावरचें वाईट एक्स्टेन्शन दुसऱ्या यंत्रावरहि जाऊन बसतें. तेव्हां दोन संगणक चुकले म्हणून लगेच राउटरास दोष देऊं नये. शक्य तर तिसरें यंत्रहि पाहावें.

४. दोष ब्राउझरमध्यें असेल तर

प्रथम खाजगी खिडकी, म्हणजे इन्कॉग्निटो किंवा प्रायव्हेट विंडो, उघडून पाहा. तींत एक्स्टेन्शनें सामान्यतः बंद असतात व जुना सांठा वापरला जात नाहीं. तेथें पान योग्य आलें, तर एक्स्टेन्शनांची यादी उघडून जें आपण जाणून घेतलेलें नाहीं तें काढून टाका. बाकीचीं बंद करून एकेक चालू करीत पाहा. 'कूपन शोधणारें', 'व्हिडिओ उतरवून देणारें' अशा गोड नांवांखालीं पुष्कळदां हा उपद्रव घरांत शिरतो.

नंतर शोधयंत्र कोणतें नेमलें आहे व आरंभींचें पान कोणतें आहे, हें सेटिंग्जमध्यें पाहा. कोणत्या संकेतस्थळांना सूचना पाठविण्याची मुभा दिली आहे तेंहि पाहा. अनोळखी नांवें तेथून काढा. विंडोजमध्यें ब्राउझरच्या शॉर्टकटच्या 'प्रॉपर्टीज' मध्यें 'टार्गेट' नांवाची ओळ असते. तिच्या शेवटीं एखादा पत्ता चिकटविलेला असला, तर ब्राउझर उघडतांच तो तेथें जातो. तेवढें शेपूट कापावें. एवढ्यानेंहि भागलें नाहीं, तर ब्राउझर मूळ स्थितीवर आणण्याची, म्हणजे रीसेटची, सोय वापरावी.

५. दोष संगणकांत असेल तर

येथें चार जागा पाहावयाच्या.

पहिली, होस्ट्स फाइल. विंडोजमध्यें ती 'सी' ड्राइव्हवर 'विंडोज', त्यांत 'सिस्टम३२', त्यांत 'ड्रायव्हर्स', त्यांत 'ईटीसी' ह्या कप्प्यांत असते व नोटपॅडमध्यें वाचतां येते. # ह्या चिन्हानें आरंभ होणाऱ्या ओळी केवळ टिपा होत. पण चिन्हावांचून आंकडा व त्यापुढें तुमच्या बँकेचें किंवा शोधयंत्राचें नांव अशी ओळ दिसली, तर ती संशयास्पद समजावी. कांहीं प्रामाणिक कार्यक्रमहि येथें ओळी लिहितात. म्हणून फाइलची नक्कल ठेवून मगच ओळ काढावी.

दुसरी, प्रॉक्सी. नेटवर्कच्या सेटिंग्जमध्यें प्रॉक्सी सर्व्हर चालू असेल व तो घरांतील कोणीं जाणून लावलेला नसेल, तर बंद करावा. कचेरीच्या संगणकावर मात्र कचेरीस विचारल्याशिवाय हात लावूं नये.

तिसरी, नामव्यवस्थेच्या सर्व्हरचा पत्ता. तो 'आपोआप मिळवावा' असा असतो. तेथें कोणीं हातानें अनोळखी आंकडा लिहिला असेल, तर पुन्हां 'आपोआप' करावा.

चौथी, स्थापित कार्यक्रमांची यादी. ज्या दिवशीं उपद्रव सुरू झाला त्याच्या आसपास आलेला अनोळखी कार्यक्रम काढावा व विंडोजमधील डिफेंडर ह्या रक्षक-कार्यक्रमाकडून पूर्ण तपासणी करवावी. "तुमच्या संगणकांत रोग आहे, हें औषध उतरवून घ्या" असें जें पान स्वतः होऊन सांगतें, त्याचें औषध कधींहि घेऊं नये.

६. दोष राउटरमध्यें असेल तर

राउटर हा घराचा दरवाजा. तोच फितूर झाला, तर आंतील सर्व यंत्रें निर्दोष असूनहि फसतात. संगणकाच्या ब्राउझरमध्यें राउटरचा पत्ता लिहा; तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो व खालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. आंत गेल्यावर डी. एन्. एस्. सर्व्हरचे आंकडे वहींत उतरून घ्या आणि पुरवठादारास दूरध्वनि करून ते त्याचेच आहेत काय, हें विचारा.

येथें एक उपयुक्त आज्ञा आहे. कमांड प्रॉम्प्टमध्यें 'एनएसलुकअप' हा शब्द रोमन अक्षरांत लिहून पुढें संकेतस्थळाचें नांव लिहा. कोणत्या सर्व्हरनें कोणता आंकडा सांगितला तें दिसतें. मग तेंच लिहून शेवटीं ८.८.८.८ हा गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरचा आंकडा जोडा. दोन उत्तरें जुळलीं, तर चांगलें. जुळलीं नाहींत, तर लगेच चोरी ठरवूं नका. मोठ्या संकेतस्थळांना अनेक आंकडे असतात व ठिकाणानुसार निरनिराळे मिळतात. परंतु एकमेकांशीं संबंध नसलेल्या अनेक नांवांना एकच आंकडा मिळत असेल, तर ती मोठी शंका होय.

राउटरचे आंकडे बदललेले आढळले, तर नुसता बंद करून चालू करणें पुरत नाहीं. चुकीची नोंद तशीच राहते. प्रथम पुरवठादाराचें नांव-परवलीचें टिपण हाताशीं घ्या, नाहींतर पुढें जोडणीच तुटेल. मग राउटर मूळ स्थितीवर आणा; आंत जाण्याचा कारखान्यांतील परवलीचा शब्द बदलून लांब व नवा ठेवा; राउटरचा आंतील कार्यक्रम, म्हणजे फर्मवेअर, अद्ययावत् करा; बाहेरून राउटर चालविण्याची सोय चालू असेल तर बंद करा. शेवटीं घरांतील सर्व यंत्रें बंद करून पुन्हां चालू करा, म्हणजे तीं नवे आंकडे घेतील.

राउटर स्वच्छ असूनहि वळण राहिलें, तर पुरवठादाराकडे तक्रार करावी. अस्तित्वांत नसलेलें नांव लिहिल्यावर जाहिरातीचें पान येणें, हें पुष्कळदां राउटरच्या पलीकडचें काम असतें. २००३ च्या सप्टेंबरांत व्हेरीसाइन ह्या कंपनीनें '.कॉम' व '.नेट' मधील नसलेलीं सर्व नांवें आपल्याच एका पानाकडे वळविलीं होतीं. जगभर तक्रार झाली व ऑक्टोबरच्या आरंभीं तिला तें बंद करावें लागलें.

७. एक मोठें उदाहरण

वाट वळविण्याचा धंदा किती मोठा होऊं शकतो, हें डीएनएसचेंजर नांवाच्या दुष्ट कार्यक्रमावरून दिसलें. तो संगणकांत शिरून नामव्यवस्थेच्या सर्व्हरचा आंकडा बदली आणि लोकांना टोळीच्या सर्व्हरांकडे नेई. जाहिरातींच्या पैशांवर टोळी गबर झाली. अमेरिकेच्या एफ्. बी. आय्. ह्या तपास खात्याच्या सांगण्याप्रमाणें १०० हून अधिक देशांतील सुमारें ४० लाख संगणक बाधले होते व टोळीनें किमान १ कोटी ४० लाख डॉलर मिळविले होते. नोव्हेंबर २०११ मध्यें एस्टोनिया देशांत सहा जणांस पकडण्यांत आलें.

आतां गंमत पाहा. चोरांचे सर्व्हर एकदम बंद केले असते, तर बाधलेल्या लाखों लोकांना एकहि नांव सांपडलें नसतें. म्हणून न्यायालयाच्या परवानगीनें त्या जागीं प्रामाणिक सर्व्हर बसविण्यांत आले व ते ९ जुलै २०१२ रोजीं बंद करण्यांत आले. तोंपर्यंत प्रत्येकानें आपला संगणक स्वच्छ करावा, अशी अपेक्षा होती. चोर पकडला तरी घरची दुरुस्ती घरींच करावी लागते, हा ह्यांतील धडा.

८. पैशाचा व्यवहार व कुलपाचें चिन्ह

सुरक्षित संकेतस्थळापाशीं त्याच्या नांवाचें प्रमाणपत्र असतें. खोट्या सर्व्हरपाशीं तें नसतें. म्हणून ब्राउझर "ही जोडणी खाजगी नाहीं" असा इशारा देतो. बँकेच्या पानावर असा इशारा आला, तर "तरीहि पुढें जा" हें कधींहि दाबूं नये. उलट, इशारा आला नाहीं म्हणून संकेतस्थळ सज्जनाचें आहे असेंहि नाहीं. ठकहि स्वतःच्या नांवाचें प्रमाणपत्र काढूं शकतो. म्हणून नांव शेवटाकडून वाचण्याची संवय लावा. रिझर्व्ह बँकेनें भारतांतील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपलीं संकेतस्थळें '.बँक.इन' ह्या राखीव शेवटाच्या नांवांवर नेण्यास सांगितलें, तें ह्याच कारणासाठीं.

चुकीच्या पानावर परवलीचा शब्द लिहिला गेला असेल, तर दुसऱ्या निर्दोष यंत्रावरून तो त्वरित बदलावा. पैसे गेले असतील, तर क्षणाचाहि विलंब न लावतां बँकेस व १९३० ह्या शासकीय क्रमांकावर कळवावें. पहिल्या कांहीं तासांत कळविल्यास पैसे अडविण्याचा संभव अधिक असतो. येथें लाजेनें गप्प बसणें हेंच सर्वांत महाग पडतें.

९. त्या घरीं काय आढळलें

आतां आरंभींच्या गोष्टीकडे वळूं. कपाटांतून संगणक काढविला. दोन ब्राउझर पाहिले. दोन्हींत जुगाराचें पान. मग मीं वडिलांस म्हटलें, "आतां आपला मोबाइल द्या." त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर त्याच वायफायवरून तोच शब्दकोश उघडला, आणि तेंच जुगाराचें पान त्यांच्या तळहातावर आलें. कोणीं कांहीं बोललें नाहीं. वायफाय बंद केलें. शब्दकोश नीट उघडला. राउटरमध्यें परवलीचा शब्द कारखान्यांतून आला तोच होता, बाहेरून चालविण्याची सोय उघडी होती, आणि नामव्यवस्थेचे आंकडे पुरवठादाराचे नव्हते. ते कोणीं व कधीं बदलले, हें सांगतां येईना. उघड्या दारानें कोणीहि येऊं शकतो. इतकेंच नव्हे, तर साध्या पानावरील एखाद्या जाहिरातींतूनहि असा घाला राउटरवर होऊं शकतो. मुलास दोषी धरण्यास मात्र कसलाहि आधार उरला नाहीं.

मग त्याची आई म्हणाली, "बँकेचें पान उघडतांना परवां लाल इशारा येत होता. पुढें जा दाबणार होतें. पण हाच म्हणाला, आई, थांब." हें तिनें आधीं सांगितलें नव्हतें, कारण घरांत तो विषय काढण्याची सोय राहिली नव्हती. ज्याला आपण चोर समजत होतों, तोच घराची राखण करीत होता. वडिलांनीं कपाटाची किल्ली मुलाच्या हातांत ठेवली व म्हणाले, "चुकलें माझें." मुलानें राउटरचा नवा परवलीचा शब्द स्वतः वहींत लिहून वडिलांजवळ दिला.

पालकहो, यंत्राचा दोष शोधण्याची रीत तीच मनुष्याचा दोष शोधण्याची. आधीं परीक्षा, मग निकाल. आणि विद्यार्थ्यांनो, भलतें पान आलें तर तें लपवूं नका. वहींत लिहा व मोठ्यांस दाखवा. लपविलेल्या गोष्टीची परीक्षा करतां येत नाहीं.

अभ्यास

१) संगणकावर एका ब्राउझरमध्यें पत्ता चुकतो व दुसऱ्यांत चुकत नाहीं. प्रथम कोठें पाहाल? ह्याला अपवाद कोणता?
२) घरांतील सर्व यंत्रें वायफायवर चुकतात, मोबाइलच्या डेटावर चुकत नाहींत. राउटर नुसता बंद करून चालू करणें कां पुरत नाहीं?
३) आपल्या घरच्या राउटरचा परवलीचा शब्द कधीं बदलला होता, हें आज घरीं विचारा. उत्तर वहींत लिहा.